अंतराळयानाचं पहिलं प्लास्टिक किट: ठाणे-नवी मुंबईच्या दमट हवेत जोडणी आणि रंगकाम

रणगाड्याच्या मॉडेलमध्ये सांधा नीट बसला नाही तर वर चिखल फासता येतो. लढाऊ विमानाच्या हिरव्या-करड्या पट्ट्यांत बऱ्याच चुका खपून जातात. अंतराळयानाला ही सोय नाही. एक मोठी फिकट थाळी, तिच्याखाली गोलसर पोट आणि मागे दोन लांब नळकांडी, बहुतेकदा एवढाच मामला. डबा उघडला की वाटतं, रविवारी दुपारी बसलं की झालं. मग रंग चढतो आणि नळकांड्यावरची जोडाची रेघ, थाळीवरचा बोटाचा ठसा, पुट्टीचा खड्डा असं सगळं एकदम उठून दिसायला लागतं.

त्यात आपली हवा. परदेशी व्हिडिओत ‘अर्ध्या तासात वाळतं’ म्हणतात, ते कोपरखैरण्यात जुलैमध्ये खरं होत नाही. म्हणून खाली सांधे आणि ओलावा यांवरच जास्त लिहिलं आहे. बाकीचं हात बसला की जमतं.

१. किट निवडा, पण आधी शोकेस मोजा

स्केलचं गणित सोपं आहे: यानाची कल्पित लांबी भागिले स्केलमधला खालचा आकडा. ‘स्टार ट्रेक’मधलं मूळ एंटरप्राइज २८९ मीटरचं धरतात, म्हणजे १/१००० स्केलला ते साधारण २९ सेंमी होतं. हेच यान १/३५० ला घेतलं तर ८२ सेंमीच्या पुढे जातं. वन बीएचकेतल्या शोकेसमध्ये ते मावणार नाही आणि रंगवताना ज्यात ठेवून फवारा मारतात त्या खोक्यातही बसणार नाही. ‘स्टार वॉर्स’मधलं १,६०० मीटरचं त्रिकोणी स्टार डिस्ट्रॉयर १/५००० ला ३२ सेंमी, तर साडेबारा मीटरचं एक्स-विंग १/७२ ला साडेसतरा सेंमीच्या आसपास.

पहिल्या किटसाठी १५ ते ३० सेंमी हा माप चांगला. त्याहून लहान घेतलं तर डिकल (पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील खुणा) चिमटीत धरवत नाहीत. मोठं घेतलं तर तेवढ्या मोठ्या पृष्ठभागावर रंग एकसारखा बसवणं नवख्या हाताला जड जातं.

किटचे दोन प्रकार. बंदाईसारख्या जपानी कंपनीची स्नॅप किट खटकन बसतात, गोंद जवळजवळ लागत नाही आणि प्लास्टिकच रंगीत असतं. एएमटीसारख्या कंपनीची बरीचशी यानं गोंदाने जोडायची, एकाच फिक्या रंगाच्या प्लास्टिकची असतात. काहींचे साचे जुने आहेत, त्यामुळे फटी जास्त. पहिलं स्नॅप, दुसरं गोंदाचं, हा क्रम सोयीचा. थाळीवाल्या यानाचंच वेड असेल तर सरळ गोंदाचं घ्या, फक्त पायरी ५ दोनदा वाचा.

किट भारतातल्याच विक्रेत्याकडून घेतलेलं बरं. बाहेरून मागवलंत तर हे कागद हाताशी ठेवा:

– कुरिअरच्या केवायसीसाठी आधार किंवा पॅन, पार्सलवर जे नाव आहे त्याच नावाचं
– विक्रेत्याचं इन्व्हॉइस, त्यावर वस्तूचं नीट वर्णन आणि खरी किंमत
– पैसे भरल्याचा पुरावा: कार्डाचं स्टेटमेंट किंवा पेमेंटचा स्क्रीनशॉट

कस्टमच्या लेखी स्केल मॉडेल हे ९५०३ या शीर्षकाखाली, म्हणजे खेळण्यांच्याच घरात येतं. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना बीआयएसची (भारतीय मानक ब्यूरोची) खूण सक्तीची झाली आहे, त्यामुळे पार्सल अडकण्याची शक्यता गृहीत धरूनच मागवा. विक्रेत्याला ‘गिफ्ट’ लिहायला सांगण्याची युक्ती करू नका. ती सवलत २०१९ च्या डिसेंबरात गेली. स्प्रे कॅन आणि थिनर विमानाने येणाऱ्या पार्सलमध्ये धोकादायक माल ठरतात. रंग इथेच घ्या.

२. सामान

हॉबीच्या दुकानातून (बहुतेक ऑनलाइनच) घ्यायचं:

– प्लास्टिक कापायचा, एका बाजूने सपाट असलेला निपर. इलेक्ट्रिशियनचा कटर चालत नाही, तो प्लास्टिक कापत नाही, चिरडतो
– टोकदार पात्याची सुरी आणि १० जादा पाती
– पातळ प्लास्टिक सिमेंट, झाकणालाच बारीक ब्रश असलेलं
– राखाडी प्रायमर (रंगाआधीचा थर), रंग, त्याच कंपनीचं थिनर
– ग्लॉस (चकचकीत) आणि मॅट (बिनचमकीचं) क्लिअर, म्हणजे रंगावर मारायचा पारदर्शक थर
– डिकल सेटर (डिकलखाली लावायचं) आणि डिकल सॉफ्टनर (वरून लावून डिकल मऊ करणारं)
– मॉडेलिंगची पिवळी मास्किंग टेप, ६ मिमी आणि १८ मिमी

जांभळी नाका, नौपाडा किंवा वाशीत मिळणारं:

– वॉटर पेपर ४००, ६००, १०००, १५०० आणि २००० नंबर, प्रत्येकी एक ताव. हार्डवेअरवाल्याकडे ‘वॉटर पेपर’ असंच मागा. नुसतं ‘पॉलिश पेपर’ म्हटलं तर तो लाकडाचा कागद देईल
– एनसी पुट्टी, गाड्यांच्या रंगाच्या दुकानातली. नुसती ‘पुट्टी’ मागितली तर भिंतीची मिळेल, ती प्लास्टिकला धरत नाही
– फेविक्विक, फेविकॉल, टाल्कम पावडर
– स्टेशनरीच्या दुकानातला कटिंग मॅट, ए-४ किंवा ए-३
– शून्य, दोन आणि चार नंबरचे सिंथेटिक ब्रश, चिमटा, टूथपिक, कापसाच्या काड्या
– डिजिटल हायग्रोमीटर: हवेतला ओलावा दाखवणारं काड्यापेटीएवढं यंत्र

शेवटची वस्तू कुठल्याच यादीत नसते, आणि आपल्याकडे निपरनंतर तीच सर्वांत उपयोगी. एअरब्रश (काँप्रेसरच्या हवेने रंग फवारणारं पेन) पहिल्या किटला नको. हत्यारांवर किटइतकाच खर्च होतो हे धरून चाला, पण ती पुढच्या दहा किटना पुरतात.

३. जागा आणि हवा

पावसाळ्यात खिडकी उघडी असलेल्या खोलीत हायग्रोमीटर ८० टक्क्यांच्या वर सहज जातो. लॅकर (तीव्र थिनरचा, भराभर वाळणारा रंग) किंवा क्लिअर मारताना थिनर भराभर उडतं, पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतलं पाणी ओल्या थरात उतरतं. रंग दुधाळ होतो. याला ब्लशिंग म्हणतात. आकडा ६५च्या खाली असेल तरच स्प्रे मारा. ६५ ते ७५ मध्ये पातळ हात देऊन निभावतं, त्यावर स्प्रे कॅन उचलूच नका. एसी असेल तर ‘ड्राय’वर अर्धा तास चालवून आकडा खाली आणा, पण फवारा मारताना एसी बंद आणि खिडकीतला एक्झॉस्ट चालू. नाहीतर वास घरभर आणि रंगाची धूळ एसीच्या जाळीत.

वर्षाचं गणित यातूनच निघतं: पावसाळ्यात कापा, जोडा, घासा, रंगकाम दिवाळीनंतर. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे आपल्याकडचे रंगाचे महिने. मे महिन्यात उलटी गंमत होते. स्प्रेचा थेंब हवेतच वाळून यानावर पोचतो आणि पृष्ठभाग रव्यासारखा लागतो. तेव्हा सकाळी साडेसहा-सातला मारा.

घोडबंदर रोडच्या बाजूला किंवा जिथे शेजारी इमारत उठतेय तिथे बाल्कनीत रंग वाळवू नका, धूळ चिकटते. मोठा प्लास्टिकचा डबा यानावर पालथा घाला. जेवण झाकायच्या जाळीचा काही उपयोग नाही. पंखा बंदच ठेवा.

थिनर पेट घेतं. स्वयंपाकघराच्या ओट्याजवळ नको, आणि देव्हारा त्याच खोलीत असेल तर दिवा लावायच्या वेळेआधी काम आटपून बाटल्या बंद. एन-९५ मास्क धुळीला थांबवतो, वाफेला नाही. लॅकरसाठी ऑर्गॅनिक व्हेपरचं काडतूस असलेला मास्क घ्या. वॉटर पेपर मात्र ओला करूनच घासायचा असतो, त्यात धूळ उडतच नाही.

४. कापणी

भाग ज्या चौकटीत येतात तिला फ्रेम म्हणू. आधी अख्ख्या फ्रेम कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब टाकून जुन्या टूथब्रशने धुवा. साच्यातून सुटावं म्हणून लावलेलं तेल त्यावर असतं. बेसिनच्या जाळीवर चहाची गाळणी ठेवा. सुटलेला अँटेना एकदा पाइपात गेला की गेला.

प्रत्येक भाग दोनदा कापायचा. पहिला काप भागापासून ३-४ मिमी लांब. मग उरलेला देठ निपरची सपाट बाजू भागाकडे ठेवून, अर्धा मिमी शिल्लक राहील असा. तो अर्धा मिमी सुरीने पातळ पातळ तासा आणि ६०० नंबरने घासा. एकाच झटक्यात कापलंत तर प्लास्टिक ताणलं जाऊन पांढरा डाग पडतो किंवा खळगा निघतो. पारदर्शक भागांना निपर जवळ नेऊच नका, त्यात तडा जातो. बारीक करवतीने कापा.

सगळे भाग एकदम कापून ठेवायचा मोह होतो. नंबर फ्रेमवर असतात, भागावर नाही. डावं आणि उजवं नळकांडं दिसायला सारखंच असतं, पण त्यांचे खाचे वेगळे. लागेल तेवढंच कापा.

५. जोडणी आणि सांधा मिटवणं

आधी गोंद न लावता बसवून पाहा. कुठे अडतंय, कुठे फट राहते हे टेप लावून तपासा.

पातळ सिमेंट हा खरं तर गोंद नाहीच. ते पॉलिस्टायरीन विरघळवतं आणि दोन्ही कडा एकमेकांत वितळून एक होतात. म्हणून भाग आधी जुळवून धरायचे, मग सांध्यावर ब्रश टेकवायचा. पातळ असल्यामुळे ते आपोआप फटीत ओढलं जातं. तुमचं बोट सांध्यावर असेल तर ते बोटाखालीही ओढलं जाईल आणि थाळीवर कायमचा ठसा उमटेल. बोट सांध्यापासून एक सेंमी दूर.

नळकांड्याचं उदाहरण घेऊ, कारण थाळीवाल्या यानाची परीक्षा तिथेच होते. दोन अर्ध्या पन्हळी, वर एक रेघ आणि खाली एक. दोन्ही अर्धे अगदी हलक्या फटीने धरा आणि दोन्ही कडांना सिमेंटचा हात द्या. दहा सेकंद थांबून पुन्हा एक हात. मग हळूहळू दाबा. वितळलेलं प्लास्टिक मण्यांच्या माळेसारखं सांध्यावर बाहेर आलं पाहिजे. ती माळ पुसू नका, तीच तुमची पुट्टी. टेप गुंडाळून ठेवून द्या.

किती वेळ? हिवाळ्यात २४ तास, पावसाळ्यात ४८. हाताला ते तासाभरातच घट्ट लागतं आणि इथेच बहुतेक जण फसतात. आत अडकलेलं सिमेंट उडत राहतं तसं प्लास्टिक आक्रसतं. लवकर घासून सपाट केलेला सांधा रंगानंतर आठवड्याने पुन्हा बारीक पन्हळ बनून वर येतो. तोवर त्यावर डिकल बसलेलं असतं.

मग घासणी. सुरीचं पातं उभं धरून सांध्यावरून मागे ओढत माळ खरवडा. नंतर ४००, ६००, १००० नंबर, ओला, दर वेळी आधीच्या ओरखड्यांना आडवा हात. कागद बोटाला गुंडाळून गोल भागावर घासलंत तर तिथे सपाटी येते. त्यासाठी कागद नळकांड्याभोवती पट्ट्यासारखा गुंडाळून बूट पुसतात तसा मागेपुढे ओढा. शेवटी डोळे मिटून नख फिरवा. नख अडलं तर काम बाकी आहे.

कोरलेल्या रेषा घासताना बुजतात. घासायच्या आधीच सुरीच्या पात्याची मागची बाजू त्यांत दोन-तीनदा हलकेच फिरवून त्या खोल करून घ्या.

फट राहिलीच तर तीन उपाय आहेत. अर्ध्या मिमीपर्यंतच्या फटीला एनसी पुट्टी, एका वेळी पातळ थर, कारण ती वाळताना आकसते. त्याहून मोठ्या फटीला फेविक्विकमध्ये टाल्कम पावडर मिसळून. हे तासाभरातच घासा, दुसऱ्या दिवशी ते आजूबाजूच्या प्लास्टिकपेक्षा कडक होतं आणि घासताना बाजूलाच खड्डा पडतो. तिसरा उपाय फुकटचा: उरलेल्या फ्रेमचे बारीक तुकडे अर्ध्या संपलेल्या सिमेंटच्या बाटलीत रात्रभर ठेवा. त्याच प्लास्टिकची लापशी मिळते.

फेविक्विकसारखे गोंद हवेतल्या ओलाव्यानेच धरतात. म्हणजे पावसाळ्यात रंग वाळत नाही पण फेविक्विक हा-हा म्हणता चिकटतो, जागेवर आणायलाही सवड देत नाही. त्याची वाफ पारदर्शक भागांवर पांढरी पुटं चढवते. खिडक्या, कॉकपिटची काच, इंजिनाचे लाल घुमट फेविकॉलनेच चिकटवा. वाळला की दिसत नाही, चुकलं तर पाण्याने निघतो.

आता सरळपणा. लांब नळकांडी बारीक खांबांवर तोललेली असतात. खांबाचा सांधा एका अंशाने जरी झुकला तरी पलीकडच्या टोकाला ते सहज दिसतं. कटिंग मॅटच्या चौकटीवर यान उलटं ठेवा, पुठ्ठ्याचे दोन सारख्या उंचीचे तुकडे कापून नळकांड्यांखाली टेकू द्या आणि समोरून, वरून, मागून पाहा. मोबाइलने समोरून फोटो काढा. डोळा ज्याला सवयीने माफ करतो ते फोटोत दिसतं. जुन्या साच्याच्या किटमध्ये खांब कालांतराने वाकतात. खांबात आणि पोटात १ मिमी भोक पाडून पितळी तारेची खीळ घातली तर झुकत नाहीत.

६. दिवे हवेत का?

पहिल्या यानात नको. हवेच असतील तर जोडणीआधीच ठरवा, कारण पोट एकदा बंद झालं की झालं. आतून आधी काळा रंग आणि त्यावर पांढरा किंवा चंदेरी, नाहीतर अख्खं यान आकाशकंदिलासारखं उजळतं. ९ व्होल्टच्या बॅटरीवर एका पांढऱ्या एलईडीला ३३० ओहमचा रेझिस्टर लावा. सुटे भाग लॅमिंग्टन रोडला ढिगाने मिळतात. खिडक्यांसाठी ऑप्टिकल फायबर वापरत असाल तर त्याला फेविक्विक लावू नका, तो ठिसूळ होऊन तुटतो. बंद करण्याआधी दिवे तासभर चालू ठेवून पाहा.

७. प्रायमर

प्रायमर म्हणजे रंगाआधीची तपासणी. राखाडी घ्या, पांढऱ्यावर सांधे दिसत नाहीत. हार्डवेअरच्या दुकानातला गाडीचा किंवा ग्रिलचा स्प्रे थेट प्लास्टिकवर नको, त्यातलं थिनर पॉलिस्टायरीन खातं आणि बारीक नक्षी विरघळते.

डबा दोन मिनिटं हलवा. परदेशी लोक तो कोमट पाण्यात ठेवायला सांगतात, ते त्यांच्या थंडीसाठी. २० ते २५ सेंमीवरून, फवारा यानाच्या बाहेर सुरू करून बाहेरच थांबवा. तीन पातळ हात, मध्ये दहा-दहा मिनिटं. एकाच जाड हातात झाकायला गेलात की ओघळ आलाच. दुसऱ्या दिवशी टॉर्च आडवा धरून पाहा. सांधा दिसेल, तो नेहमीच दिसतो. तेवढीच जागा भरा, घासा, पुन्हा प्रायमर. हे दोनदा होणार हे गृहीत धरा.

८. रंग

क्रम लक्षात ठेवा: खाली लॅकर, त्यावर अ‍ॅक्रिलिक, सर्वांत वर इनॅमलचा वॉश (रेषांत उतरवायचा अगदी पातळ गडद रंग). तीव्र थिनर सौम्य रंगाच्या वर आलं की खालचा थर उचलला जातो.

ब्रशने रंगवणार असाल तर वाय्येहो (Vallejo) कंपनीसारखे पाण्याचे अ‍ॅक्रिलिक घ्या. तामिया या जपानी कंपनीचं अ‍ॅक्रिलिक ब्रशखाली खालचा थर उचलतं, ते फवाऱ्यासाठीच चांगलं. तामियाला आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं. तेच वाय्येहोत ओतलंत तर गोळे होतात. मोठ्या थाळीवर ब्रशचे फराटे टाळणं कठीण असतं, म्हणून थाळी स्प्रे कॅनने आणि बारीकसारीक ब्रशने, ही वाटणी नवख्याला झेपते.

एअरब्रश असेल तर ०.३ मिमीची सुई, १५ ते १८ पीएसआय हवेचा दाब, आणि रंग साय काढलेल्या दुधाइतका पातळ. कपात फिरवल्यावर कडेवरून तो ओघळून मागे पातळ पडदा राहिला पाहिजे. पावसाळ्यात काँप्रेसरच्या नळीत पाणी जमतं आणि ऐन वेळी थेंब थुंकतं. वॉटर ट्रॅप दर वेळी रिकामा करा. टाकीवाला काँप्रेसर घ्या, तो मध्येमध्ये आपोआप थांबतो. खालच्या मजल्यावरचे बेल वाजवायला येत नाहीत.

रंग कोणता? ‘पांढरं यान’ शुद्ध पांढऱ्याने रंगवू नका. शुद्ध पांढरा रंग आकार खाऊन टाकतो, आणि त्याहून उजळ असं पुढे काही दाखवायला उरतच नाही. १९६०च्या दशकातल्या मालिकेत वापरलेलं एंटरप्राइजचं ११ फुटी मॉडेल १९७४ साली अमेरिकेच्या स्मिथसोनियनला दिलं गेलं, २०१६ मध्ये ते दुरुस्त करून पुन्हा मांडलं. त्याचा रंग हिरवट झाक असलेला फिका करडा आहे, आणि थाळीच्या वरच्या बाजूच्या रेषा पेन्सिलीच्या. तेव्हा मूळ रंग फिका करडाच धरा.

थाळीवरची पत्र्यांची नक्षी दाखवायची असेल तर मूळ रंगाच्या १० थेंबांत १ ते २ थेंब पांढरा, एवढाच फरक. काही चौकोन टेपने सोडून बाकीच्यांवर पातळ फवारा. समोरून फरक दिसला नाही पाहिजे, आडव्या उजेडात दिसला पाहिजे. भडक फरक केलात की न्हाणीघराच्या टाइल्स दिसतात, आणि ही चूक जाणत्यांकडूनही होते.

टेप लावताना ती आधी तळव्यावर दोनदा चिकटवून तिचा जोर कमी करा. हार्डवेअरची टेप आपल्या उन्हाळ्यात गम सोडते, ती नको. गोल कडेला १-२ मिमीच्या पट्ट्या कापून लावा, त्या वळतात. कड दाबल्यावर आधी खालच्याच रंगाचा एक हात, मग नवा रंग. झिरपायचं ते खालच्याच रंगाचं झिरपतं आणि रेघ कापल्यासारखी येते. टेप रंग पूर्ण कडक होण्याआधी, मागे दुमडून हळू काढा.

इंजिनाचे पारदर्शक घुमट आतून रंगवा. बाहेरून चकाकी तशीच राहते.

९. डिकल

सुरू करण्याआधी डिकल शीटची झेरॉक्स काढून ठेवा. कुठला आकडा कुठे, तुकडा किती लांब, हे कागदावर कापून यानावर ठेवून पाहता येतं.

डिकलखाली पृष्ठभाग चकचकीत हवा. मॅट रंग बारीक वाळूसारखा खडबडीत असतो. डिकलखाली हवा अडकते आणि तिथे चंदेरी चकाकी येते. ग्लॉसचे दोन पातळ हात द्या आणि २४ तास थांबा, पावसात ४८.

पाणी कोमट. सोसायटीत टँकरचं किंवा बोअरचं पाणी येत असेल तर फिल्टरचं घ्या, नाहीतर क्षाराचे पांढरे कड राहतात. डिकल १०-१५ सेकंद बुडवा, बाहेर काढून टिश्यूवर मिनिटभर ठेवा. ओढायचं नाही, आपोआप घसरायला लागलं की जागेवर सरकवायचं. खाली सेटर, वरून कापसाच्या काडीने मधून बाहेर पाणी काढा. मग सॉफ्टनरचा एक हात. पाच मिनिटांत डिकल सुरकुततं, आणि नवखे इथेच घाबरून बोट लावतात. हात मागे घ्या. ते स्वतःच सपाट होऊन कोरलेल्या रेषांत उतरतं. बुडबुडा राहिला तर सुईने टोचून पुन्हा सॉफ्टनर.

वापरायची नसलेली खूण घेऊन आधी जुन्या प्लास्टिकच्या चमच्यावर सराव करा. शेवटी ओल्या फडक्याने उरलेला गोंद पुसा.

शीट कपाटात उघडी पडून राहिली तर ओलाव्याने चिकटते. झिपच्या पिशवीत, सिलिका जेलच्या पुडीबरोबर ठेवा.

१०. वॉश आणि झीज

इनॅमलचा वॉश रेषांत टेकवा, ओढला जाऊ द्या, वीस मिनिटांनी थिनरच्या किंचित ओल्या काडीने रेषेला आडवं पुसा. काळा नको, मूळ रंगाहून दोन छटा गडद करडा पुरे. उघड्या प्लास्टिकवर, विशेषतः घट्ट बसणाऱ्या स्नॅप किटवर हे थेट लावलंत तर थिनर ताणलेल्या जागी शिरून भाग तडकतात. मध्ये क्लिअरचा थर असायलाच हवा.

अवकाशात चिखल नसतो, गंज चढायला हवेतला ओलावा नसतो. मालवाहू, ठोकळेबाज यानावर जळाल्याच्या खुणा आणि उडालेला रंग शोभतो. चकाचक आरमारी यानावर जवळजवळ काही नको. कुठलाही डाग काढताना तो कशामुळे पडला हे सांगता आलं नाही तर तो काढू नका.

११. शेवटचा हात आणि ने-आण

मॅट किंवा सॅटिन क्लिअर, दोन पातळ हात, हायग्रोमीटर बघूनच. आतापर्यंतचं सगळं काम याच पायरीवर दुधाळ होऊ शकतं. झालंच तर घासायला धावू नका. हवा कोरडी असलेल्या दिवशी ग्लॉस क्लिअरचा एक ओलसर हात द्या, बहुतेकदा धुकं विरघळतं. मग पुन्हा मॅट.

यान खिडकीच्या थेट उन्हात ठेवू नका, डिकल पिवळी पडतात. बंद गाडीच्या डॅशबोर्डवर तर मे महिन्यात प्लास्टिक वाकतं.

ठाणे-वाशी लोकलने कुणाला दाखवायला न्यायचं असेल तर स्टँडवरून काढा, थाळीखाली आणि पोटाखाली फोमचा आधार द्या, नळकांडी खोक्याच्या कुठल्याच भिंतीला टेकता कामा नयेत. दुपारची गाडी पकडा आणि खोकं मांडीवर ठेवा, वरच्या रॅकवर नको. फेविकॉल आणि पितळी तारेचा एक तुकडा बरोबर असू द्या.